नऊ नंबरच्या बोअरवरून

आयव्ही आत्या टपालाच्या ट्रकमधून उतरली ती काळे हातमोजे घालून. फेब्रुवारी म्हणजे वॉरंबी या मेंढ्यांच्या रानावरचा सगळ्यात तापलेला महिना. सकाळी सातलाच छपराचे पत्रे तडतडायला लागले होते. बेरिल ओसरीवरून बघत होती. नवऱ्याची ही आत्या गेल्या चार वर्षांत घरी फिरकली नव्हती, आणि आली असती तर भांडायलाच आली असती. पण हातमोजे दुखवट्याचे होते.

"कोण गेलं, आत्या?"

"गेलेलं परत आलंय," आयव्ही म्हणाली. "वायरलेस कुठं ठेवलाय?"

बेरिलने तिला स्वयंपाकघरात नेलं. टेबलाशी डॉक्टर बसल्या होत्या. हेस्टर ट्रेहर्न, बेरिलची सासू. पण सुनेपासून मेंढ्या कातरणाऱ्या गड्यांपर्यंत सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. त्या काल संध्याकाळीच ब्रिस्बेनहून आल्या होत्या, बेरिलची तार मिळताच, शाळांच्या समितीची बैठक अर्धी टाकून. नणंद-भावजयीने एकमेकींकडे पाहिलं. चोवीस वर्षं त्या दोघी 'मीठ दे' आणि 'दार लाव' यापलीकडे फारसं बोलल्या नव्हत्या.

"बस," हेस्टर म्हणाली.

"तू ऐकलंस?"

"नाही. आज ऐकणार आहे."

"मग कळेल तुला."

बेरिलने चहा ठेवला. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. आवाज सगळ्यांत आधी तिनेच ऐकला होता. सात दिवस झाले त्याला.

शाळा म्हणजे दोनशे मैलांवरच्या गावातली एक खोली, तिथं मिस लॉटन आणि त्यांच्यासमोर एक माइक. एकेका रानात एकेकटी राहणारी एकतीस मुलं आपापल्या वायरलेससमोर बसायची. साडेआठला हजेरी. बाई नाव घ्यायच्या, मूल बटण दाबून 'हजर, बाई' म्हणायचं. बेरिलची आठ वर्षांची पॅट्सी यादीत सव्विसावी. शेवटी बाई नेहमी विचारायच्या, "आणखी कुणी ऐकतंय का?" आणि थोडा वेळ नुसती खरखर व्हायची.

सात दिवसांपूर्वी त्या खरखरीतून आवाज आला होता. बारीक, कोरडा. "एल्सी ट्रेहर्न. हजर, बाई."

बेरिलने पॅट्सीला थोबाडीत दिली होती. घरातल्या मेलेल्या आत्याच्या नावाने थट्टा करतेस! पॅट्सी रडली नाही, नुसतीच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी बेरिल मुद्दाम तिच्यासमोर बसली. हजेरी संपली. बाईंनी विचारलं. पॅट्सीचे ओठ घट्ट मिटलेले होते, दोन्ही हात टेबलावर होते, आणि वायरलेसमधून तोच आवाज म्हणाला, "एल्सी ट्रेहर्न. हजर, बाई."

त्या दिवसापासून पॅट्सी एकटी त्या खोलीत जायला तयार नव्हती.

एल्सी त्रेचाळीस साली हरवली. गॉर्डनची धाकटी बहीण, सात वर्षांची. हेस्टर तेव्हा सैन्यात होती. उत्तरेच्या पठारावर तंबूंचं लष्करी इस्पितळ होतं, न्यू गिनीहून हिवतापाने कुडकुडणारी पोरं तिथं येत, आणि कॅप्टन ट्रेहर्न त्यांना तपासत. घरी एल्सीला आयव्ही सांभाळत होती. त्या उन्हाळ्यात मेंढ्या नऊ नंबरच्या बोअरवर होत्या, चाळीस मैल आत, म्हणून माणसंही तिथल्या झोपडीत राहायला गेली होती. एका भर दुपारी पोर झोपडीतून निघून गेली. अकरा दिवस शोध झाला. एक बूट सापडला. तार मिळून हेस्टर पोचली तेव्हा शोध थांबवला होता. ती चार दिवस राहिली आणि परत इस्पितळात गेली. आयव्हीने तिला माफ केलं नाही ते यासाठी, की स्वतःला माफ करायची तिला सोय नव्हती.

आठ वाजून वीस मिनिटांनी गॉर्डन आला. कातरणीच्या शेडमधून सरळ आला होता, हाताला लोकरीचं तेल तसंच.

"आत्या, तू पण? अगं, कुणीतरी पोरटं चेष्टा करतंय. बेरिलला मी हेच सांगतोय."

"तू ऐकलंयस?"

"मला कुठं वेळ आहे?"

"मग आज बस," हेस्टर म्हणाली. "मी मिस लॉटनना तार केली आहे. आज आवाज आला की त्याला बोलतं ठेवा म्हणून."

गॉर्डन दारातच टेकून उभा राहिला. पॅट्सी आजीच्या खुर्चीला चिकटून. बेरिलने बटण फिरवलं. वायरलेसच्या दिव्यातली तार लाल झाली, आणि मग एकामागून एक मुलं हजर होत गेली. मैलोन्‌मैल पसरलेल्या त्या उन्हातून, एकेका पत्र्याच्या घरातून. एकतीस झाली.

"आणखी कुणी ऐकतंय का?" मिस लॉटनचा आवाज आज जरा वर चढला होता.

खरखर.

"एल्सी ट्रेहर्न. हजर, बाई."

गॉर्डन दारापासून सरळ झाला.

"छान, एल्सी," बाई म्हणाल्या. "आज आम्हाला काहीतरी सांगशील? तुला येतं ते."

मग कागदाचा आवाज आला. तो इतका स्पष्ट आला की पॅट्सीने मागे वळून पाहिलं.

"माझी आई," आवाज म्हणाला. "माझी आई सैन्यात कॅप्टन आहे. ती डॉक्टर आहे. ज्या सै... सैनिकांना लिहिता येत नाही त्यांना ती लि-हा-य-ला शिकवते. मला आयव्ही आत्या शिकवते. आई ना... ना-ता-ळा-ला येणार आहे. मी रडले तर येणार नाही."

आयव्हीच्या हातातली बशी टेबलावर आपटली. फुटली नाही.

"हे मी लिहून घेतलं होतं," ती म्हणाली. आवाज तिचा राहिला नव्हता. "नऊ नंबरवर. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी. शेवटचं वाक्य तिनं स्वतःहून घातलं. मी तसं बोलले होते तिला. म्हणून तो निबंध मी कधी टपालात टाकला नाही, हेस्टर. तुला कळू नये म्हणून. जगात कुणालाच माहीत नव्हता तो. मी आणि ती. बस."

पॅट्सी रडायला लागली. बेरिलने तिला उचललं. गॉर्डनच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

हेस्टर मात्र डोळे मिटून वायरलेसच्या जाळीला कान लावून वाकली होती. आई म्हणून तिने ते ऐकलं, आणि ते ऐकताना आतून काय झालं ते तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. पण त्याच क्षणी तिच्यातली दुसरी बाईसुद्धा ऐकत होती, तंबूच्या पडद्यापलीकडच्या नुसत्या श्वासावरून आजार ओळखणारी. तिने डोळे उघडले.

"ओठ फुटलेत तिचे," ती म्हणाली. "जीभ टाळूला चिकटतेय. दोन-तीन दिवस पोटात धड काही नाही."

"कुणाचे ओठ?" आयव्ही किंचाळली. "मेलेल्या पोरीचे?"

"मेलेलं मूल वाचताना अडखळत नाही, आयव्ही. 'नाताळ' एल्सीला पाचव्या वर्षी लिहिता येत होतं. ही अक्षरं लावून लावून वाचतेय. एल्सीच्या वह्या कुठं राहिल्या?"

"तिथंच. झोपडीत. फळीवर. मी त्या झोपडीत परत पाऊल टाकलं नाही."

"म्हणजे तिथं एक जिवंत पोर आहे."

बेरिलने गॉर्डनकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं, की गॉर्डनला आश्चर्य वाटलेलं नाही.

"मी गाडी काढतो," तो म्हणाला. "एकटाच जातो."

"एकटा का?" बेरिलने विचारलं.

"कारण..." त्याने आईकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "तिथं क्लेम गॅरिटी राहतोय. दोन वर्षं झाली. त्याची पोर आहे सोबत. मीच ठेवलंय त्याला. महिन्याला पीठ, चहा, डबे नेऊन देतो. या खेपेला कातरणीच्या गडबडीत राहून गेलं. पाच आठवडे झाले."

"दोन वर्षं!" बेरिल म्हणाली. "आणि मला तू सांगतोस, कुंपण बघायला जातो!"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, गॉर्डन, मला कुठंही ठेव, फक्त तुझ्या आईची यादी पोचणार नाही तिथं ठेव."

हेस्टरने टेबलाची कड धरली.

यादी कुठली, ते कुणाला सांगावं लागलं नाही. घरातल्या भिंतीवर त्या यादीच्या दौऱ्याचंच छायाचित्र होतं: लष्कराने लिलावात काढलेली जुनी रुग्णगाडी, आणि बाजूला हॅट घातलेली हेस्टर. एकसष्ट साली ती त्या गाडीतून सहा महिने फिरली होती. मेंढ्यांच्या रानात, कुंपणावरच्या तंबूत, बोअरवरच्या खोपटांत. शाळेचं तोंड न पाहिलेलं प्रत्येक मूल तिने नावाने, वयाने लिहून घेतलं. चारशे बारा मुलं. सैन्यात असताना विशी-पंचविशीची पोरं तिच्यासमोर अंगठा पुढे करायची, आईला पत्र लिहून द्या म्हणायची. तेव्हाच तिने ठरवलं होतं, यांच्यामागून येणाऱ्यांचा अंगठा राहू द्यायचा नाही. त्या यादीच्या जोरावर तिने सरकारला हलवलं. वायरलेसच्या शाळा त्या यादीतून उभ्या राहिल्या, मिस लॉटनची त्यांतलीच एक.

"यादीची एक प्रत दुसऱ्या खात्यात गेली, आई," गॉर्डन म्हणाला. "क्लेमची बायको इथल्या मूळ लोकांतली होती. अशी पोरं घरातून काढून सरकारी आश्रमात ठेवणाऱ्या त्या खात्याची गाडी आली आणि त्याच्या पोराला घेऊन गेली. सात वर्षांचा होता. धाकटीला बायकोनं पिठाच्या पोत्यात लपवलं म्हणून ती राहिली. बायको पुढच्याच वर्षी वारली. तुला हे कधी कळू नये असं मला—"

"मला माहीत होतं," हेस्टर म्हणाली.

गॉर्डनने खाली घातलेली नजर वर केली.

"क्लेमचं पत्र आलं होतं. तीन ओळींचं. मी उत्तर दिलं नाही. चारशे बारातल्या चारशे अकरांना शाळा मिळणार होती. बोभाटा झाला असता तर ती गेली असती. इस्पितळात आम्ही असंच करायचो. एकाला बाजूला ठेवायचं, म्हणजे बाकीचे वाचतात." ती उठली. "मी येणार आहे, गॉर्डन. माझी बॅग आण."

"मीपण," आयव्ही म्हणाली.

बेरिल मागे राहिली. वायरलेसपाशी कुणीतरी हवं होतं.

गाडी धुळीत दिसेनाशी झाल्यावर तिने पॅट्सीला शेजारच्या खोलीत निजवलं आणि बटण दाबलं. मिस लॉटननी वर्ग थांबवला होता. सगळ्या रानांतल्या आया आपापल्या वायरलेससमोर श्वास धरून बसल्या असणार, हे बेरिलला माहीत होतं. इथं कुणाचंच बोलणं खासगी नसतं.

"नऊ नंबर, मी वॉरंबीहून बोलतेय. ऐकतेयस का बाळ?"

खरखर. मग, "हं."

"तुझ्याजवळ पाणी आहे?"

"बोअरचं आहे. गरम असतं. निववून पिते."

"आणि खायला?"

"डबे संपले."

"बाबा कुठं आहेत?"

"आत." थोडं थांबून ती म्हणाली, "ते उठत नाहीत. मी रोज चहा ठेवते. दार लावून घेतलंय. माश्या फार झाल्या."

बेरिलने तोंडावर हात ठेवला. बाहेर रणरणतं पांढरं ऊन होतं. अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर कावळे बसले होते, एकही ओरडत नव्हता. तिला काहीतरी धीराचं बोलायचं होतं, आणि जे पहिल्यांदा सुचलं ते ती बोलली.

"घाबरू नकोस हं. गाडी निघालीय. डॉक्टर येताहेत."

पलीकडे श्वास माइकजवळ आला.

"यादीवाली डॉक्टर?" आवाजाने विचारलं.

"नाही गं, म्हणजे... ऐक—"

खट्‌ असा आवाज आला. त्यानंतर बेरिलने कितीही हाका मारल्या तरी उत्तर नाही. उलट दुसराच आवाज आला, जाड, पुरुषी. गावातल्या सार्जंटचा.

"वॉरंबी, मी ऐकतोय सगळं. नऊ नंबरवर मूल कुणाचं आहे? नोंद दिसत नाही माझ्याकडे."

बेरिल माइककडे बघत राहिली. आयुष्यभर तिने लोक काय म्हणतील याचा विचार करून पडदे शिवले होते, टोप्या निवडल्या होत्या.

"आमचं आहे," ती म्हणाली.

"आमचं म्हणजे?"

"ट्रेहर्नांचं. माझा नवरा दोन वर्षं तिला पोसतोय. आणखी काय सांगायला हवं तुम्हाला?"

याचा अर्थ आख्खा मुलूख काय काढणार, ते तिला नीट ठाऊक होतं. तिने वायरलेस बंद केला आणि ती पॅट्सीच्या खोलीत गेली.

नऊ नंबरवर गाडी पोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आयव्हीने काचेतूनच झोपडी ओळखली. काही बदललं नव्हतं. जमिनीतून उकळतं पाणी पाइपावाटे वर येत होतं, त्याची वाफ उन्हातही दिसत होती, आणि गंधकाचा वास. चोवीस वर्षं हा वास तिच्या स्वप्नात येत होता. दूर क्षितिजावर मृगजळ पाण्यासारखं हलत होतं, आणि त्यात कुंपणाचे खांब उलटे तरंगत होते.

ओसरीत एका खोक्यावर वायरलेस होता, कुठल्यातरी मोडक्या ट्रकमधून काढलेला. शेजारी उघडी वही. पानं पिवळी पडलेली, पण अक्षर दिसत होतं. आयव्हीने ती हातात घेतली नाही.

हेस्टर नाकावर रुमाल बांधून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने दार हलकेच ओढून घेतलं.

"साप," ती म्हणाली. "पोटरीवर दोन खुणा आहेत. वर पट्टा आवळलाय त्यानं. आठ-नऊ दिवस झाले असतील. चेहरा झाकलाय पोरीनं. उशाशी चहाचे आठ कप आहेत."

"पोर कुठाय?" आयव्हीने विचारलं.

गॉर्डन ओसरीच्या कडेला वाकून उभा होता. धुळीत अनवाणी पावलं उमटली होती, लहान, एकाच रेषेत. पायरीवरून उतरून ती सरळ खाऱ्या मातीतल्या झुडपांकडे गेली होती आणि पुढे खडकाळ जमिनीवर नाहीशी झाली होती.

आयव्हीला वाटलं, आपण परत तिथंच उभे आहोत. तीच पायरी, तेच ऊन, हीच दुपार. ती पायरीवर बसली.

"मी लगेच हाक मारली नव्हती," ती म्हणाली. "त्या दिवशी. मी रागावले होते. म्हटलं, येईल परत भूक लागली की. तासभर मी इथं बसून शिवत होते, हेस्टर. एक तास. मी सगळ्यांना सांगितलं की लगेच हाका मारल्या. पोरीच्या बापाला, हॅरल्डला सांगितलं, तुला सांगितलं. मारल्या नव्हत्या."

हेस्टर तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"मी चौथ्या दिवशी परत गेले," ती म्हणाली. "तिथं कामात मला तिची आठवण येत नव्हती. म्हणून गेले. लोक म्हणाले, केवढी कर्तव्याची जाण."

गॉर्डन हाका मारायला तोंड उघडत होता. हेस्टरने हात वर केला.

"नको. ती हरवलेली नाही, आपल्याला बघतेय. हाका मारशील तर लांब जाईल. तू क्लेमचं बघ. त्याला असा ठेवता येणार नाही."

त्यांनी क्लेमला चादरीत गुंडाळून ओसरीत आणलं. झोपडीमागे टेकाडाच्या उतारावर एकच झाड होतं, काटेरी, पण सावली देणारं. माती तिथंच काय ती मऊ होती. गॉर्डनने फावडं घेतलं आणि खणायला लागला. आयव्ही आणि हेस्टर बाजूला उभ्या राहिल्या. वारा नव्हता. फावड्याचा आवाज सगळ्या रानात एकटाच होता.

"तिथं नको."

आवाज मागून आला. तोच आवाज, बारीक, कोरडा. आयव्ही गर्रकन वळली.

झुडपांच्या कडेला एक पोर उभी होती. नऊएक वर्षांची, उन्हाने तांबूस झालेले केस, अंगात बापाचा सदरा. हातात काठी होती. ती हेस्टरकडे बघत नव्हती, फक्त फावड्याकडे.

"तिथं नको खणू," ती परत म्हणाली. "तिथं ती आहे."

"कोण?" गॉर्डनने विचारलं.

"वहीतली."

फावडं गॉर्डनच्या हातातून कलंडलं.

"बाबांना सापडली. टेकाडापलीकडे खांबाला खड्डा खणत होते तेव्हा. कपारीत होती, सावलीत. ते म्हणाले, सांगितलं तर पोलीस येतील. मग इथं आणून ठेवली. वर दगड ठेवले, बघ."

दगड होते. सात-आठ, गोल मांडलेले. अर्धे मातीत बुडालेले.

"पायात काय होतं तिच्या?" आयव्हीने विचारलं.

"एकच बूट."

टेकाडापलीकडे. आयव्हीने मान वळवून पाहिलं. झोपडीच्या पायरीवरून कुणी मोठ्याने हाक मारली असती तर तिथं ऐकू गेली असती. तिने हातमोजे काढले, गुडघ्यांवर बसली आणि उघडे तळवे त्या मातीवर टेकले. हेस्टर उभीच होती. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"तू तिचं नाव का घेतलंस?" शेवटी गॉर्डनने विचारलं.

पोरीने काठीचं टोक मातीत रोवलं.

"बाबा म्हणाले, आपलं नाव कधी कुणाला सांगायचं नाही. नाव सांगितलं की घेऊन जातात. पण बाई रोज विचारायच्या, आणखी कुणी आहे का. बाबा उठेनासे झाले, मग मी म्हटलं, आपण आहोत म्हणून सांगावं. तिचं नाव रिकामंच होतं. म्हणून घेतलं." आता तिने पहिल्यांदा हेस्टरकडे पाहिलं. "तू डॉक्टर आहेस?"

"हो."

"तू लिहून घेणार?"

हेस्टरने बॅग उघडली. आतून वही नाही, पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा डबा काढला, जमिनीवर ठेवला आणि दहा पावलं मागे सरली.

"नाही," ती म्हणाली. "मी विचारणारसुद्धा नाही."

पोर आयव्हीजवळ जाऊन बसली. बिस्किटं खाताना ती डावा हात दगडांवर ठेवून होती, सवय असल्यासारखा.

क्लेमला त्यांनी झाडाच्या दुसऱ्या बाजूला पुरलं. एल्सीला हलवायचं नाही, असं हेस्टरने ठरवलं. आयव्ही म्हणाली, "बरोबर." चोवीस वर्षांत दोघींचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

सार्जंट दुसऱ्या दिवशी सकाळी वॉरंबीवर आला. हेस्टरने क्लेम गॅरिटीच्या मृत्यूचा दाखला सहीनिशी लिहून ठेवला होता. कपारीतल्या हाडांची हकीगतही, आपल्या मुलीच्या नावाने. त्याने सगळं वाचलं, घडी घातली.

"आणि जिवंत मूल?"

"माझ्या सुनेनं काल सांगितलं ना तुम्हाला?"

"डॉक्टर, सांगणं वेगळं. मला लिहून हवं. तुम्ही तर नोंदींच्या बाबतीत इतक्या काटेकोर."

"माझ्या हातचं लिहिलेलं एक मूल तुम्हा लोकांना मिळालंय," हेस्टर म्हणाली. "दुसरं मिळणार नाही. आणि पहिलं मला परत हवंय. हे मात्र लिहून घ्या, तारीख घालून."

सार्जंट दारातल्या बेरिलकडे वळला. बेरिलने पोटच्या पोरीला धरावं तसं त्या पोरीच्या खांद्याला धरलं होतं. गॉर्डन तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. सार्जंटने टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला.

ते पहिलं मूल परत मिळायला सोळा महिने लागले. समितीचं अध्यक्षपद हेस्टरने सोडलं, कारण अध्यक्षबाईंच्या तोंडी असलं काही शोभत नाही असं समितीचं म्हणणं पडलं. ती ब्रिस्बेनच्या कचेऱ्यांतून बाकावर बसायची, जशी कधी तिच्या इस्पितळाबाहेर माणसं बसत. आयव्ही तिच्यासोबत असायची, भांडत, डबा घेऊन. पोर वॉरंबीवरच राहिली. आयव्ही तिला 'चिमणे' म्हणायची, पॅट्सी 'ए' म्हणायची. नाव तिने सांगितलं नाही, आणि त्या घरात कुणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये, थंडीतल्या एका सकाळी, टपालाच्या ट्रकमधून एक चौदा वर्षांचा मुलगा आला. आखूड कापलेले केस, खात्याने दिलेले मोठे बूट. सगळे अंगणात उभे होते. ड्रायव्हरने दार उघडून धरलं. मुलगा उतरेना.

"उतर रे," गॉर्डन म्हणाला. "घरच आहे."

मुलगा सगळ्यांवरून नजर फिरवत होता. ती हेस्टरवर येऊन थांबली आणि तिथंच राहिली. गाडी घेऊन आलेल्या हॅटवाल्या बाईला, नाव विचारून वहीत लिहिणाऱ्या बाईला, तो विसरला नव्हता. त्याने सीटची कड दोन्ही हातांनी धरली.

"काय झालं?" बेरिल हळूच म्हणाली.

"काही नाही," हेस्टर म्हणाली. "मी आत जाते."

ती अंगण ओलांडून घरात गेली आणि तिने स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं. आत अंधार होता. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. बऱ्याच वेळाने ट्रकच्या पायरीवर बूट वाजले. मग धावणारी अनवाणी पावलं. मग बहिणीने भावाला नावाने हाक मारली. आणि फुटलेल्या, बदलत्या आवाजात त्याने तिला हाक मारली. तिच्या नावाने.

दारामागे हेस्टरने ते नाव ऐकलं. तिने ते पुढे कधीही उच्चारलं नाही, आणि कुठेही लिहिलं नाही.